काशीची आत्या

काशीचा फोन आला तेव्हा मी नातीशी भांडत होते. विषय गंभीर होता, भेंडी आधी धुवायची की आधी चिरायची. एवढ्यात फोन वाजला आणि काशी म्हणाली, "बाई, आत्या गेली." मी विचारलं, "कुठं?" ...आता तुम्ही म्हणाल, सत्तरी ओलांडलेल्या बाईला एवढं कळू नये? पण शेवंताबाई सदा कुठंतरी गेलेलीच असायची. पळसदेवला तिच्या घरी विचारावं तर ती इंदापूरला गेलेली, इंदापुरात विचारावं तर बारामतीच्या एसटीत बसलेली, आणि बारामतीत आमच्या संस्थेच्या दाराशी तिच्या चपलांची वाट बघावी तर ही वाटेतच उतरून तिसऱ्याच गावात कुणाचं तरी लेकरू मांडीवर घेऊन बसलेली. त्यामुळे तोंडातून "कुठं" हेच आलं.  पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला आणि मग मला कळलं...

त्याला आता दीड महिना झाला. पुरवणीत ज्यांच्यावर लिहून येतं तशांपैकी शेवंताबाई नव्हती. तिला कुणी शाल घातली नाही. एका कार्यक्रमात घालणार होते, तर तिनं विचारलं, "शाल कशाला, घोंगडं हाय की." तिच्यावर लिहायचं तर मला आधी माझी फजिती लिहावी लागणार, कारण आमची ओळखच माझ्या फजितीतून झाली. एवढी वर्षं मी ती गोष्ट सोयीप्रमाणे गाळून सांगत आले. आता गाळायचं कारण उरलं नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट जवळ आला होता. माझे यजमान माळेगावच्या कारखान्यात टायपिस्ट होते, मुलं मोठी झाली होती आणि मला घरात करमत नव्हतं. बारामतीत कालव्याकडेला दोन खोल्यांत एक संस्था नुकतीच सुरू झाली होती. ज्या घरातला कर्ता माणूस त्या आजारानं गेला, त्या घरातल्या बाळंतिणीला आणि लेकराला दूध पोचवायचं, औषध पोचवायचं, तपासणीला पुण्याला न्यायचं, असं काम. एड्स हा शब्द तेव्हा सरकारी भिंतीवर हातभर मोठा लिहिलेला असायचा आणि तोंडातून मात्र कुणी काढत नसे. मी पुण्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले. प्रमाणपत्राला चौकट करून घेतली. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला शबनम पिशवी, पिशवीत चित्रांचा तक्ता... मी रस्त्यानं चालले की पुढं माझं ज्ञान चालायचं, त्यामागं पिशवी आणि सगळ्यात मागं मी. "स्पर्शानं पसरत नाही, एका ताटात जेवून पसरत नाही," हे मी इतक्यांदा म्हणत असे की झोपेतही म्हणते, असं यजमानांचं म्हणणं होतं.

संस्थेला कुणीतरी एक जुनी जीप दिली होती. तिच्या दोन्ही अंगांना लाल रंगात लिहून घेतलं, 'एड्सग्रस्त माता व बालक साहाय्य'. पेंटरनं विचारलं, "बाई, येवढी मोठी अक्षरं?" मी म्हणाले, "लांबून दिसली पाहिजेत." दिसली. फार लांबून दिसली.

पुण्याच्या दवाखान्यातून आमच्याकडे निरवांगीच्या एका बाळंतिणीचं नाव आलं होतं. मंगल. नवरा ट्रक चालवायचा, ती पाच महिन्यांची गरोदर असताना तो वारला. घरात नि गावात सगळ्यांना ठाऊक होतं की तो काविळीनं गेला. खरं काय ते दोघींनाच माहीत होतं, मंगलला आणि पळसदेवला दिलेल्या तिच्या नणंदेला. मंगलचं स्वतःचं रक्तही तपासलं होतं. मुलगी झाली. त्या काळी डॉक्टर सांगायचे, अशा आईनं अंगावर पाजू नये, म्हणून तिला दुधाच्या पावडरीचे डबे पोचवायचे होते. ते मी पोचवले. जीप थेट दारासमोर उभी केली, डबे उतरवले, मंगलच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जमलेल्या पोरांना हसून टाटा केला. पोरं शाळेत जाणारी होती. त्यांनी जीपवरची अक्षरं मोठ्यानं वाचून काढली, एकेक जोडाक्षर सोडवत. मी घरी येऊन यजमानांना सांगितलं, "आज एका कुटुंबापर्यंत पोचलो आपण."

चौथ्या दिवशी एक बाई संस्थेत आली. पस्तिशीची, उंच, अंगावर नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. बस म्हटलं तर बसली नाही.

"निरवांगीला जीप घिऊन कोन आलं व्हतं?"

मला वाटलं, आभार मानायला आली. मी खुर्चीत सरसावून म्हणाले, "मी."

तिनं मला पायापासून वर बघितलं. भिंतीवरच्या चौकटीकडं बघितलं. म्हणाली, "बरं झालं. मला वाटलं कोन शिकल्यालं मानूस आसंल."

ही मंगलची नणंद, शेवंताबाई. मग तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. जीप गेली त्याच संध्याकाळी घरातल्या नळाला मंगलची बादली वेगळी झाली. दुसऱ्या दिवशी भावकी जमली. शेवंताचे वडील, तात्या, एरवी कुणाला न बधणारे. कधीकाळी शंभर मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेले आणि आता उसाच्या चार बिघ्यांत बसलेले. त्यांनी भावकीपुढं मान हलवली. सव्वा महिना झाला की मंगलला आणि पोरीला माहेरी धाडायचं ठरलं.

"म्हायारी कोन हाय तिला?" शेवंता म्हणाली. "आईबाप न्हायती. भाऊ दारात उभा करंना. मग त्या लेकरानं जायचं कुठं?"

मला हे उत्तर येत होतं. मी कपाट उघडलं, फाइल काढली आणि म्हणाले, "काळजी करू नका. पुण्याला बालगृह आहे. आपण व्यवस्था करू."

"तिला घर हाय," शेवंता म्हणाली. "बापाचं घर हाय. घर आसल्याव यवस्था कशाला?"

मी फाइल मिटली. मग काय करायचं, असं विचारलं तर म्हणाली, "बारसं." मला हसू आलं. घर पेटलंय आणि ही घुगऱ्या शिजवायला निघाली. पण तिचं पुढचं बोलणं ऐकून हसू गेलं. बारशाला पाळण्याच्या अल्याड एक बाई लागते नि पल्याड एक. बाळाला पाळण्याच्या खालून-वरून एकीनं द्यायचं, दुसरीनं घ्यायचं. अल्याड ती स्वतः उभी राहणार होती, आत्या म्हणून. पल्याडसाठी मात्र अख्ख्या गल्लीत एक बाई मिळेना. थोरली वहिनीदेखील नाही म्हणाली होती.

"तुमच्या तक्त्याव लिवलंय न्हवं, शिवून काय व्हत न्हाय? मग या. आन् जीप नगं. येष्टीनं या, मानसासारखं."

बारशाच्या दिवशी मी एसटीनं गेले, माणसासारखी. वाटेत शेवंता भेटली तेव्हा मी तिला नावं सुचवली. आशा, ज्योती, किरण. संस्थेतल्या मुलांची आम्ही अशीच नावं ठेवायचो. ती म्हणाली, "बाई, तुमच्याकडं समद्याच आशा. यकीला हाक मारली तर चारजनी येत्याल." नाव कुठलं ते काही तिनं सांगितलं नाही. आत्यानं आधी सांगायचं नसतं.

घर साधं होतं, मातीच्या भिंतीचं, दाराला लाकडी उंबरा, त्यावर हळदीकुंकवाची बोटं. तात्या बाहेर ओट्यावर घोंगड्यावर बसले होते, दाराकडं पाठ करून. त्यांच्याभोवती भावकीतले पाच-सहाजण. ते बारशाला आले नव्हते. सव्वा महिना पुरा होत आला होता आणि तात्या शब्द फिरवत तर नाहीत ना, हे बघायला आले होते. बायका शेजारच्या कुडांआडून डोकावत होत्या. आत मंगल, शेवंता, मी... आणि चुलीपाशी थोरली वहिनी, नाकाला पदर लावून.

रीतीप्रमाणं आधी कुंची घातलेला वरवंटा पाळण्याभोवती फिरवतात. शेवंतानं पाळण्याखालून वरवंटा दिला, मी पलीकडून ऐटीत घेतला, वरून परत दिला. मग शेवंतानं बाळ घेतलं आणि पाळण्याखालून माझ्याकडं सरकवलं.

माझे हात पुढं गेले नाहीत.

किती वेळ म्हणाल, तर एक श्वास, फार तर दोन. पण ज्या बाईनं निम्म्या तालुक्याला स्पर्शाबद्दल व्याख्यानं दिली होती तिचे हात मांडीवर दगडासारखे पडून राहिले. डोक्यात तक्ता जसाच्या तसा होता, अक्षर न अक्षर. हातांना वाचता येत नव्हतं. शेवंता ओणवी, बाळाचं डोकं तिच्या तळव्यात, कोपरापर्यंत हात लांबवलेला. तिनं हात मागं घेतला नाही. मंगलनं बघितलं. चुलीपाशी उभ्या वहिनीनंही बघितलं. मग माझे हात गेले... बाळ वरवंट्यापेक्षा हलकं होतं. आणि ऊबदार.

पाळण्यात घालून शेवंतानं त्याच्या कानात नाव सांगितलं. मग ती उठली, दाराशी गेली आणि अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली, "काशी. पोरीचं नाव काशीबाई ठिवलंय."

ओट्यावरचं बोलणं थांबलं. मला काही कळेना, इतकं साधं, जुनाट नाव. नंतर कळलं. काशीबाई ही तात्यांची आई. बाप लहानपणीच गेलेला. त्या बाईनं एकटीनं मेंढरं राखली, मेंढरांच्या वाड्यावर, उघड्या माळात हा पोरगा वाढवला. तात्या वाक्याला एक शिवी देणारा माणूस, पण शपथ घ्यायची तर एकाच नावाची घ्यायचे. आणि त्या घरांतली रीत अशी की वडीलधाऱ्याचं नाव ज्या लेकराला ठेवलं, त्याला शिवी द्यायची नाही, त्याच्यावर हात उगारायचा नाही. त्या नावाचं माणूस पुन्हा घरात आलं, असं धरतात.

भावकीतला एकजण खाकरला. "मग तात्या, सव्वा महिन्याचं ठरल्यालं..."

तात्यांनी तोंड उघडलं. "व्हय, ठरल्यालंच हाय. त्या पोरीला... तिला..." आणि थांबले.

"म्हना की तात्या," शेवंता दारातून म्हणाली. आवाज चढवला नाही. "काशीबाईला घराभाईर काढा म्हना."

तात्या बराच वेळ समोरच्या उसाकडं बघत बसले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि पहिल्यांदा दाराकडं वळले. डोळे लाल झाले होते, रागानं की कशानं ते मला सांगता यायचं नाही.

"पोरगी आन् तिची आई हितंच ऱ्हातील," ते भावकीला म्हणाले. "ज्यास्नी चालत न्हाय त्येनी हितलं पानी पिऊ नये." मग लेकीकडं बघून म्हणाले, "आन् शेवंते, चार मानसांत बापाच्या त्वांडावर त्याची आई आनून हुबी केलीस. पुन्यांदा ह्या घराचा उंबरा वलांडायचा न्हाय. मी मेलो तरी न्हाय."

शेवंता म्हणाली, "बरं."

एवढंच. ती आत आली, पाळण्याला एक झोका दिला, पिशवी उचलली. तेवढ्यात चुलीपासची थोरली वहिनी नाकावरचा पदर सोडून पुढं आली आणि तिनं शेवंताच्या पाठीत एक सणसणीत बुक्की घातली. नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत बायकांनी बुक्क्या मारायच्या असतात, त्याशिवाय बारसं पुरं होत नाही. मंगल तोंडात पदर कोंबून रडत होती. शेवंता पाठ चोळत म्हणाली, "वहिनी, लई दिसाचा राग दिसतोय." आणि उंबरा ओलांडून बाहेर पडली.

एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. लेकराला घर मिळालं होतं आणि ते मिळवताना शेवंताचं माहेर गेलं होतं. मला एकदम हिशेब कळला, की जीप मी नेली नसती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. मी तसं म्हणाले. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"तुमी न्हाय तर दुसरं कोनी सांगितलं आसतं. गावात काय ऱ्हातंय झाकून."

"आणि माझे हात..."

"हात उशिरा आलं," ती म्हणाली. "पन आलं की." थोड्या वेळानं म्हणाली, "माजं बी पयल्या दिशी आलं न्हवतं. दवाखान्यात भावाला पानी पाजायचं व्हतं. मी गिलास टेबलाव ठिवला नि सरकावला. त्यो काय म्हनला न्हाय. दोन दिसांनी गेला."   त्या संध्याकाळी घरी जाऊन मी जंतुनाशक घातलेल्या पाण्यानं आंघोळ केली, हेही सांगून टाकते. तेही गाळत आले होते.

आठवड्याभरात जीपवरची अक्षरं खरवडून काढली. अक्षरं मोठी होती, पेंटरला दोन दिवस लागले. आणि शेवंता संस्थेत यायला लागली. तिनंच आम्हाला गावात कसं शिरायचं ते शिकवलं. ती म्हणायची, गावात मदत करायला गेलं की लोक इचारत्यात कशाची; कायतरी इचारायला गेलं की लोक पानी देत्यात. मग आम्ही स्थळ विचारायला जायला लागलो. दोन बाया एसटीनं उतरल्या, पारावर कुणीतरी विचारलं, की शेवंता सांगायची, "ह्या बाईंच्या दिराला पोरगी बघतोय." त्या निमित्तानं हव्या त्या घराशी दहा मिनिटं बसता यायचं आणि पिशवीतला डबा, औषध आत पोचायचं. माझा दीर तेव्हा दोन मुलांचा बाप होता. एका रविवारी वालचंदनगरकडून दोन पाहुणे मुलीचा फोटो आणि पत्रिका घेऊन थेट माळेगावला आमच्या घरी आले. जावेनं दार उघडलं. पुढं काय झालं ते मी लिहिणार नाही, जाऊ अजून आहे.

आणि बारशी... आमच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी किती तरी जणींच्या बाळांना नाव ठेवायला नवऱ्याकडचं कुणी फिरकत नसे. शेवंता जायची. सख्खी नाही तर मानलेली, पण आत्या म्हणून पुढं उभी राहायची, आणि नाव मात्र कधी स्वतःच्या मनानं ठेवायची नाही. आधी त्या घराची माहिती काढायची. म्हातारा कुणाला मानायचा, सासूची आई कोण होती, कुणाच्या आठवणीनं ह्या घरात डोळे पुसतात. मग ते नाव. आमच्या रजिस्टरमध्ये आशा-ज्योती कमी होत गेल्या आणि गंगूबाई, बाबूराव, यमुना दिसायला लागल्या. वरिष्ठांनी एकदा विचारलं, मुलांची नावं एवढी म्हातारी का? प्रत्येक वेळी पावलं असं नाही. काही घरांनी नाव ऐकून घेतलं आणि दार लावलंच. अशी दोन लेकरं दगावली, नाव ठेवून पंधरा दिवसही झाले नव्हते. त्या दिवसांत शेवंता पळसदेवहून हलायची नाही. तिचे मालक सांगायचे, गावाला लागून असलेल्या धरणाच्या पाण्याकडं तोंड करून माशांची जाळी विणत बसलीय.

निरवांगीच्या घरी ती गेली नाही. बापाचा शब्द तिनं जितका पाळला तितका त्याच्या मुलांनीही पाळला नसेल. पण निरवांगीचा बाजार ती चुकवत नसे. एकदा मी बरोबर होते. काशी तेव्हा चालायला लागली होती. गर्दीतून तात्या येताना दिसले, काशी खांद्यावर. ती त्यांचा फेटा ओढत होती आणि तो शिवराळ माणूस म्हणत होता, "आवं काशीबाई, आसं करू नये. मानसं बघत्यात." दीड वर्षाच्या पोरीला अहो-जाहो. शेवंताला बघून ते थबकले. मला वाटलं, वळून जातील. ते घोंगड्यांच्या दुकानापाशी थांबले, काशीला खाली ठेवलं आणि घोंगडी निरखायला लागले. काशी दुडदुडत आत्याकडं आली. तिला कडेवर घेऊन शेवंता म्हणाली, "तात्या, हे चालतं व्हय?"

तात्या घोंगड्याचा काठ तपासत दुकानदाराला म्हणाले, "मी उंबऱ्याचं बोललो व्हतो. बाजाराचं न्हाय."

त्यानंतर दर बाजाराला तात्यांना घोंगडं घ्यायचं असायचं. घेतलं एकही नाही.

त्याच सुमाराला काशीची रक्ततपासणी झाली. अशा बाळाचं खरं काय ते दीड वर्षाशिवाय कळत नसे. रिपोर्ट आला, काशीला काही नव्हतं. मी नाचायचीच बाकी होते. म्हणाले, चला, आत्ताच्या आत्ता तात्यांना सांगू. शेवंतानं माझ्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि कमरेला खोचला.

"मंगलला सांगंन. तात्यांना नगं."

"अहो, पण चांगली बातमी..."

"म्हनूनच. रिपोट बरा आला म्हनून पोर ठिवली, आसं व्हायचं मग. पोर आदीच ठिवलीय बाई. तशीच ऱ्हाऊ द्या."

मी प्रशिक्षण घेतलेली बाई. रजिस्टरमध्ये तेवढी नोंद केली.

तात्या गेले तेव्हा काशी दहावीला होती. माती झाल्यावर बायका घरात जाऊन बसतात, शेवंता अंगणात बसली. थोरल्या वहिनीनं हात धरून ओढलं, भाऊ म्हणाले, आता कोण आहे बघायला? ती म्हणाली, "बोलनारा गेला, बोल हाय." दहाव्यापर्यंत ती रोज पळसदेवहून येऊन अंगणातच बसायची नि सांजच्या गाडीनं परत जायची. मंगल ताट बाहेर आणून द्यायची. मंगल आहे अजून. शासनाची फुकट औषधं सुरू झाली तोवर ती तगली आणि त्यानंतर तिनं मागं वळून बघितलं नाही. शेळ्या पाळते, माझ्यापेक्षा ताठ चालते.

गेल्या महिन्यात मी निरवांगीला गेले. काशी आता इंदापूरला नोकरी करते, मातीचं घर पाडून तिनं त्याच जागी दोन खोल्या बांधल्यात. गेल्या दिवाळीत ती राहायला गेली. रिक्षातून उतरून मी अंगण चढले, दाराशी आले आणि मोठा पाय उचलून आत टाकला... तर पाय खाली टेकायला जागाच लवकर येईना. मी झोकांडी खाऊन चौकटीला धरलं. खाली बघितलं. दाराला उंबरा नव्हता. अंगणातली फरशी सरळ आत गेली होती. एक कोंबडी माझ्या शेजारून निवांत आत चालत निघाली होती.

मंगल सुपातलं धान्य टाकून हसत पुढं आली, मला धरलं आणि कोंबडीला हाकललं. मी विचारलं, हे काय गं, गवंडी विसरला का? ती म्हणाली, विसरला नाही. त्यानं काम सोडून जायची धमकी दिली होती, बिनउंबऱ्याचं घर मी बांधत नाही म्हणून. भावकी म्हणाली, लक्ष्मी घरात कशी थांबेल? काशीनं कुणाचं ऐकलं नाही. तिनं पळसदेवला फोन केला आणि एवढंच सांगितलं, "आत्या, घराला उंबरा न्हाय. आता ये."

"आल्या?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिशी सकाळच्या पयल्या गाडीनं," मंगल म्हणाली. "वन्सं हितंच हुब्या व्हत्या, तुमी हायसा तितं. लई येळ. फरशीव हात फिरवून बघितला. काशी म्हनली, तात्यांचा बोल मोडत न्हाय गं. तर म्हनल्या, व्हय, मला बी तसंच दिसतंय. आन् आत आल्या." ती थांबली, पुन्हा हसली, पदरानं डोळे टिपले. "त्येनी बी आसाच पाय उचलला व्हता, बाई. उंच. आन् तुमच्यावानीच पडायला झाल्या."